ऑटो ठेव

शंभूने चारा कापायच्या कुट्टी मशीनचे पाते कीबोर्डवर आपटले. कळा उडून फरशीभर विखुरल्या. पात्याच्या कडेला गवताचा हिरवा चोथा वाळला होता आणि त्याखाली काळपट असे काही होते, ज्याकडे सार्थकला बघवेना.

शिरूरला टायरच्या दुकानावर हे दोन खोल्यांचे ऑफिस. गोठ्यांतली यंत्रे चालू-बंद करणारी पॅनेल इथे तयार होत. त्यांचा प्रोग्राम सार्थक एआयच्या मदतीने लिहीत असे. असेच एक पॅनेल गेल्या महिन्यात कवठे येमाईच्या मोठ्या गोठ्यात कुट्टी मशीनला बसवले होते. काल सकाळी तिथे लाईट गेली. पात्यांत चारा अडकला होता, तो ओढायला माऊलीने हात घातला, आणि लाईट आली. यंत्र आपोआप फिरले. उजवा हात कोपरापासून गेला.

माऊली शंभूचा धाकटा भाऊ. शंभूबरोबर आज भावकीतले चौघे होते. त्यातल्या दोघांनी दार अडवले.

ऑफिसचे मालक ज्ञानदेव खुर्चीतून उठले. दवाखान्याचा सगळा खर्च आपला, असे ते म्हणत होते. शंभूने त्यांची गचांडी धरून त्यांना कपाटावर ढकलले. काच खळ्ळकन फुटली. कपाळावरून उतरलेले रक्त त्यांच्या भुवईत साचले आणि मग डोळ्यांत गेले.

"खर्च वाचवाया स्वस्तातलं एआय आणलं व्हय तुमी? माझ्या भावाच्या हातावर?"

"चूक माझी आहे," ज्ञानदेव म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी मीच एआयचं मॉडेल बदललं. हा सार्थक नको म्हणत होता."

दारातला एक जण हसला. "आता त्या एआयलाच इचारा की शेठ, हात परत कसा लावायचा."

दुसऱ्याने सार्थककडे मोर्चा वळवला, तेव्हा शंभूने हात आडवा धरला.

"त्याला न्हाई. काल दवाखान्यात ह्यानंच खरं सांगितलं."

सार्थक भिंतीला टेकून उभा होता. मालकांनी एआय स्वस्तातले आणले, हे वाक्य काल त्याच्या तोंडून सहज निघून गेले होते. खोटे त्यात काहीच नव्हते. महागडे मॉडेल बंद झाले तेव्हा तो खरोखर रुसला होता. हाताला बसलेले हत्यार कोणी काढून घ्यावे, तसे त्याला वाटले होते. नवे मॉडेल काम करण्याआधी सारखे प्रश्न विचारी, आणि त्या प्रत्येक प्रश्नात सार्थकला त्याचा स्वस्तपणाच दिसे.

आज सकाळी त्याने त्या पॅनेलच्या वेळी नव्या मॉडेलशी झालेले संभाषण उघडले होते. ते अजून पडद्यावर तसेच होते. कीबोर्ड फुटला होता, पडदा नव्हता.

शंभूने ज्ञानदेवांच्या पोटात लाथ घातली. ते आवाज न करता खाली बसले, आणि बसल्या बसल्या हात जोडू लागले. त्या जोडलेल्या हातांकडे शंभू क्षणभर पाहत राहिला. मग त्याने टेबलावरचे पाते उचलले.

"शंभूआप्पा," सार्थक म्हणाला.

आवाज इतका बारीक होता, की त्याला पुन्हा हाक मारावी लागली. त्याने पडदा दोन्ही हातांनी धरून त्यांच्याकडे फिरवला.

"ह्ये काय?"

"पॅनेलचा प्रोग्राम करताना एआयचं आणि माझं झालेलं बोलणं."

"इंग्रजी हाय. मला न्हाई येत. तू वाच."

काहीही वाचले असते तरी चालले असते. ज्ञानदेवांचे डोळे रक्ताने मिटले होते, आणि दारातले दोघे जिन्याकडे पाहत होते. सार्थकला घरची विहीर आठवली. लाईट आली की तिथली मोटर ऑटोवर आपोआप सुरू होई, आणि वडील खाटेवरून न उठता म्हणत, आली बघ. तालुक्यातल्या प्रत्येक विहिरीवर तेच होते. दुसरे काही असू शकते, हे त्याच्या मनात कधी आलेच नव्हते.

त्याने ओळीखाली बोट ठेवले.

"ते विचारतंय," तो एकेक शब्द मराठीत करत म्हणाला, "वीज जाऊन परत आली, तर यंत्र आपोआप सुरू करायचं का? त्या वेळी आत कुणाचा हात असू शकतो."

शंभूच्या हातातले पाते स्थिर झाले.

"मग?"

खालची ओळ मराठीतच होती, त्याने स्वतः लिहिलेली, दोन शब्दांची. सार्थकने बोट तिच्याखाली सरकवले.