शेवटची ओळ

"अहो, पुन्हा खाली कापलंय! आणि हे आकडे आहेत की मुंग्या?" मॅनेजरबाईंनी छापील कागद त्याच्या टेबलावर टाकला. "शुक्रवारी हेड ऑफिसची माणसं येतायत. भिंतभर लावायचंय मला. पूर्ण डॅशबोर्ड हवा आणि स्वच्छ दिसायला हवा."

"करतो मॅडम."

घरोघरी पार्सलं पोहोचवणाऱ्या त्या कंपनीत तो अहवाल काढायचा. दर महिन्याला डॅशबोर्डचं चित्र करून द्यायचा. पण सॉफ्टवेअर पडद्यावर दिसेल तेवढाच भाग उचलायचं. खालचं गळायचं, वरचं मोठं केलं की फुटायचं. आजवर कुणाचं अडलं नव्हतं.

या वेळी तो हट्टाला पेटला. पानाची उंची तळापर्यंत वाढवली, चित्राचं रिझोल्यूशन चढवत नेलं. सॉफ्टवेअर अडकलं, बंद पडलं, आणि अखेर पूर्ण फाइल उतरली. सगळ्यात बारीक अक्षरं तळाच्या तक्त्यात होती, म्हणून त्याने तिथली शेवटची ओळ पडदाभर मोठी करून तपासली. एकाही अक्षराची कड फुटलेली नव्हती. खुशीत त्याने फाइल छपाईला पाठवली.

शुक्रवारी सकाळी फलक चढला, तसे व्हॅनचालक भोवती जमले.

"अरे, आपली नावंपण आहेत की! मी चौथा, बघ."

"चौथा म्हणे! तुझ्या तक्रारी बघ आधी."

"आणि तळाला कोण? आयला, आपले दाजी!"

हशा पिकला.

दाजी म्हणजे अहवाल काढणाऱ्या त्याच्याच थोरल्या बहिणीचे यजमान. त्यानेच त्यांना इथे व्हॅनवर चिकटवलं होतं, आणि तो म्हणतो म्हणून सगळेच त्यांना दाजी म्हणत. गुडघ्याने दगा दिल्यापासून त्यांना जिने झेपत नव्हते. पार्सलं उशिरा पोहोचत.

तो मागेच थिजला. ती ओळ त्याने पडदाभर मोठी करून पाहिली होती. अक्षरं पाहिली होती. नाव वाचलंच नव्हतं.

दाजी त्याच्याजवळ आले. "हे तू काढलंस?"

"हो. दाजी, माझ्या लक्षातच..."

"छान आलंय. अगदी स्वच्छ." आवाजात टोमणा नव्हता. "घरी मात्र बोलू नकोस हं. तुझ्या ताईला वाटतं, माझं इथे बरं चाललंय."

तो मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेला. "मॅडम, खालचा तक्ता झाकू का?"

"का बरं? एवढा जीव ओतलात तुम्ही!"

'ते माझे दाजी आहेत' एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. "काही नाही, सहज विचारलं," म्हणून तो बाहेर आला.

पाहुणे आले. खुर्च्या भरल्या, काही रिकाम्या राहिल्या. दाजी फलकाच्या तळाशी, भिंतीला पाठ लावून उभे होते.

"बसा ना दाजी, जागा आहे," बाई म्हणाल्या.

"नको मॅडम, उभाच बरा आहे."

बाईंचं भाषण लांबत गेलं. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉपपाशी बसून बाईंच्या खुणेसरशी पानं बदलत होता. दाजी मधूनच दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं नाव कमरेमागून बाहेर येई. इतक्या लांबून त्याला ते स्पष्ट वाचता येत होतं.