बेटावरची दुपार

उकंडराव पाटलांची सून शालूबाई दर्यातल्या कुठल्याशा बेटावर महिनाभर राहून कुरुंद्याला आली, ते साल एकोणीसशे अडतीस. तिचा नवरा हैदराबादेत हुद्देदार. आल्यापासून तिचं एकच पालुपद: बेटावर चिटपाखरू नाही, कुणी हाक मारत नाही, नुसतं सावलीत पडून राहायचं. ऐकायला चुलीपुढं माझी बायको धुरपता. पाटलांच्या घरी ती तीस वर्षं भाकरी थापते आणि मी तिथलाच सालगडी.

आमच्याकडं बेट म्हणजे वेळूचं. ओढ्याकाठी एक आहे, सापकिरडांमुळं तिकडं कुणी फिरकत नाही. धुरपतानं मला विचारलं, "इतकी शिकलेली बाई, अन् बेटात पडायला दर्या काहून ओलांडला?" मलाही उलगडेना. श्रीमंतांचं सगळंच उफराटं, म्हणून सोडून दिलं.

चार दिवसांनी पाटलांकडं पाहुणे यायचे होते. दिवेलागणीला पंचवीस पानं वाढायची, आणि दुपारपासून धुरपता गायब. मालकीणबाई, म्हणजे शालूबाईची सासू, संतापल्या. घटकाभरात चुलीपुढं दिसली नाही तर उद्यापासून येऊ नको म्हणावं, असा निरोप. मी आधी विहीर बघितली. मग बेट आठवलं.

वेळूच्या सावलीत ती झोपली होती. पदर डोक्याखाली, तोंड उघडं, हातावरच्या चटक्यांवर पाचोळा पडलेला. मी काठीनं भोवतालचा पाचोळा चाळवला. साप नव्हता. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण दिवसाउजेडी तिला निजलेली पहिल्यांदाच बघत होतो. मला माझीच लाज वाटली. उठवलं असतं तर चाकरी टिकली असती. हाक ओठावर आलीही होती. पण मीही थकलेलाच. थोडा वेळ तिच्याशेजारी टेकलो आणि तसाच परतलो.

"माहेरी गेली जी," मी मालकीणबाईंना सांगितलं.

धुरपताचं माहेर पटकीच्या साथीत कधीच रिकामं झालेलं. मालकीणबाईंना ते पुरतं ठाऊक होतं. माझ्या धोतराला चिकटलेली वेळूची पानं त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"कवा येईल?"

"मन भरलं की."

मालकीणबाईंनी पदर खोचला आणि पिठाची काठवट स्वतःकडं ओढली.