शंभराचा अंगारा

कौंडण्यपूरच्या जत्रेत देवळापेक्षा लांब रांग मोबाईलबाबाची होती. फोन चार्ज होताना ऐंशी टक्क्यांवर अडला, की त्यात पितर बसले म्हणे. बाबा लॉक काढलेला फोन भगव्या फडक्याखाली घेई, अंगारा फुंकी आणि गाई,

“ऐंशीवर बसला पितर, अडून राह्यला भितर,
सोड रे बापा वाट, भरू दे काठोकाठ!”

मग चार्जर लागे. घटकाभरात शंभर! जयजयकार!

माझ्यापुढे पंचफुला होती, धारणीकडची आशाताई, म्हणजे गावची आरोग्यसेविका. तिच्या गावात दोन-दोन दिवस लाईन नसते. अडलेल्या बाळंतिणीसाठी जीप बोलवायची ती तिच्याच फोनवरून. बाबानं तिची पॉवरबँक मागितली. “उष्टी वीज पाजशीन त पितर परत येते. वाहून टाक, माय!”

तिनं वाहिली.

मी अकोल्याच्या जठारपेठेत विज्ञान शिकवते. झाडाखाली तिला सेटिंग दाखवलं. “बॅटरी लवकर झिजू नये म्हणून फोन ऐंशीला थांबवता येतो. बाबानं फडक्याखाली तेवढंच बंद केलं. आणि हे पाहा, बॅटरीची क्षमता एकाहत्तर टक्केच उरली. घागरीची लोटी होत चालली, ताई. काठोकाठ भरली तरी पाणी लोटीभरच.”

“पटते मले, बाई. पण शंभर त दिसून राह्यले ना?”

“पॉवरबँक परत घ्या. नाहीतर माझी घ्या.”

तिनं हात मागे ओढला. “परवा माह्या भाचीची तारीख हाय, अपेक्षाची. वाहेल वस्तू परत घेतली, नाईतर तुमची उष्टी वीज पाजली, अन् लेकराले काई झालं त?”

मी तणतणत बाबासमोर गेले, एका म्हाताऱ्याचा फोन घेतला, फडक्याशिवाय, अंगाऱ्याशिवाय, सगळ्यांदेखत तेच करून दाखवलं. शंभर!

“बाईतबी पॉवर हाय!” म्हणत म्हातारा माझ्याच पाया पडला.

अपेक्षाच्या तारखेला दुपारी पंचफुलाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिकडे पोरीच्या कळा सुरू झाल्या असतील, आणि पंचफुलाच्या हातात रिकामी लोटी.

बायांनो, पडद्यावरचा शंभर म्हणजे कौल नव्हे. आज मावेल तेवढं भरलं, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी जुनी झाली तर बदला. आणि वाहिलेली वस्तू जीव वाचवणार असेल, तर जा, मागून आणा. देव रागावत नाही.

मी अजून फोन लावतेच आहे.