ऐंशी अंशांवरची खूण

शेजारच्या डोरीनबाईंच्या, घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरच्या बटणाशी, ऐंशी अंशांवर, लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. तो त्यांच्या नवऱ्याने, क्लिफने लावलेला. ज्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरतं त्या भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावला की चटका बसलाच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. मार्चमध्ये क्लिफ गेला. त्यानंतर त्या बटणाला कुणी हात लावला नव्हता.

नोव्हेंबर लागला तशा बाई स्वयंपाकघरातच राहू लागल्या. बॉयलर सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. त्याहून जास्त परवडत नव्हतं. खोकला हटेना. लीड्सला राहणारी त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, असंच गारठायचं असेल तर घर विकू, तुझं वृद्धाश्रमात नाव घालू. हे मला सांगताना बाई माझ्या बाळाची पावलं चोळत होत्या. माझा नवरा तीन-तीन आठवडे समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असतो. बाळ सोडलं तर मला बोलायला त्याच.

बॉयलरवर 'ए' दर्जाची पट्टी आहे. जळलेल्या गॅसच्या उष्णतेतले शंभरातले ब्याण्णव भाग घराला मिळतात म्हणे. मग माझ्या घरात ते येतात कुठे, असं बाईंनी विचारलं. आमच्या बॉयलरच्या सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने मला ते समजावलं होतं, पण तोंडी सांगून त्यांना पटेना. शेवटी मी केटली उकळवली. एक बशी ओव्हनमध्ये तापवली, एक कपाटातून काढली, आणि दोन्ही वाफेवर धरल्या. तापलेली कोरडीच राहिली. गार बशीवर थेंब जमले आणि ती बोटांना ऊन लागली. गॅस जळला की धुरात वाफही असते, तिचं पाणी झालं तरच तिची ऊब हाती लागते, मी म्हटलं. रेडिएटरमधून बॉयलरकडे परतणारं पाणीच त्या तापलेल्या बशीसारखं कढत असलं, तर ती ऊब धुराड्यातून बाहेर जाते. ऐंशीवर हा बॉयलर 'ए' दर्जाचा राहतच नाही.

बाईंनी बशीवरचे थेंब बोटाने पुसले.

"म्हणजे चौदा वर्षं क्लिफ चुकत होता?"

"जुन्या बॉयलरला ऐंशीच लागायचं. चौदा वर्षांपूर्वी हा नवा आला, पण सवय जुनीच राहिली."

"माणूसच जुना होता गं तो," त्या म्हणाल्या. मी बटणाकडे हात नेला, तर त्यांनी तो धरला. "तू नको, पोरी."

त्या उठल्या, चष्मा लावला आणि बटण हळूहळू पन्नासवर आणलं. मग रेडिएटरवर तळहात ठेवून, हा तर मेलेल्या माशासारखा लागतोय, असं पुटपुटल्या. बंद करू नका, दिवसभर असाच मंद चालू द्या, मी विनवलं.

तीन दिवसांनी त्यांनी दार उघडलं आणि मला थेट पुढच्या खोलीत नेलं. मार्चपासून ती खोली बंदच होती. सगळीकडे सारखी, मऊ ऊब होती.

"बॉयलर आधी दहा मिनिटं गरजायचा आणि गप्प व्हायचा," त्या म्हणाल्या. "आता दिवसभर बारीक गुणगुणतो. मीटर रोज बघते, परवडतंय. लेकीला कळवलंय, मी इथेच राहणार."

बसल्या बसल्या बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. मी घरी जायला उठले नाही.