रजईखाली पाय घालून लिहिलेले लेख

मित्रांनो, मी माणसांना पायांवरून ओळखतो, कारण मी एक कोतात्सु आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. एक बुटके चौकोनी मेज, त्याच्या पोटाशी बसवलेली विजेची शेगडी, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत उतरणारी जाड रजई आणि रजईवर ठेवलेली लाकडी फळी, एवढाच माझा देह. थंडीत घरातली माणसे माझ्याभोवती बसतात आणि कमरेखालचे अंग माझ्या स्वाधीन करतात. चेहरे वर राहतात, ते मला दिसत नाहीत. पण वरचा चेहरा हसत असताना खालचे पाय काय करतात, हे मला पक्के ठाऊक असते.

जपानातल्या यामागाता शहराच्या कडेला सुतारकामाचा एक छोटा कारखाना होता, तिथे मी तयार झालो. तोकुजी ओयामादा या बसचालकाने लग्नाच्या वर्षी मला विकत घेतले आणि स्वतःच्याच बसमधून डोंगरावरच्या वस्तीत आणले. प्रत्येक वळणावर मागच्या आसनावरच्या बायका मला धरून ठेवत होत्या आणि तोकुजीच्या नव्या संसाराची थट्टा करत होत्या. पुढे त्याची मुलगी मिनोरी माझ्या रजईखाली रांगली. तिचा लोकरी मोजा माझ्या शेगडीच्या जाळीला चिकटून जळाला, त्याचा काळा डाग अजून माझ्या पोटावर आहे. पाहुणे आले की म्हणत, "तोकुजी, तुझ्या कोतात्सुत बसलं की उठावंसंच वाटत नाही." मला त्याचा अभिमान वाटे.

मग दिवस पालटले. मिनोरी शिकायला सेन्दाईला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तोकुजीची बायको आजारपणात गेली. एकट्या माणसासाठी शेगडी कशाला पेटवायची म्हणून तोकुजी स्वयंपाकघरातच बसू लागला. माझ्या फळीवर जुनी वर्तमानपत्रे, गोळ्यांची पाकिटे आणि गुडघ्याचा पट्टा जमा झाला. रजईला कित्येक हिवाळे ऊन मिळाले नाही.

मिनोरी परत आली ती डिसेंबरात. ती ज्या प्रवासी कंपनीत होती, ती बंद पडली होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात लॅपटॉप. तोकुजीने फळीवरची वर्तमानपत्रे उचलली, माझी वायर भिंतीत खोचली आणि म्हणाला, "बस. भात दोघांचा टाकलाय."

वस्तीत काम नव्हते. एका मैत्रिणीने तिच्यासाठी दूर गुन्मातल्या कारखान्यात जागा बोलून ठेवली होती. गाड्यांचे सुटे भाग जोडायचे, वसतिगृहात राहायचे, दरमहा पगार. मार्च संपेपर्यंत होकार कळवायचा होता. पण ती गेली की तोकुजी पुन्हा एकटा पडणार होता, आणि त्याचा गुडघा असा की छपरावरचा बर्फ उतरवायला त्याने शिडी चढणे धोक्याचे झाले होते. तोकुजी "राहा" म्हणत नव्हता आणि मिनोरी "जाते" म्हणत नव्हती. घरात राहून पोटापुरते कमावता आले तर हा प्रश्नच उरणार नव्हता. म्हणून तिने लेख लिहायला घेतले.

लेख छोटे असत. तिने स्वतःची साइट उघडली होती. लेखांच्या बाजूला जाहिराती येत. जितके जास्त लोक वाचतील तितके जास्त पैसे. बुटांचा वास कसा घालवावा, गोड मुळा कसा निवडावा, पावसाळ्यात तांदळाला कीड लागू नये म्हणून काय करावे. दुसऱ्यांचे चार लेख वाचायचे आणि त्यांचा पाचवा करायचा. एक संपला की लगेच दुसरा. ती माझ्याच फळीवर जेवायची, माझ्याच कडेला डोके टेकून डुलकी घ्यायची. वाचकांचा आकडा बघताना तिचा उजवा पाय हलू लागे. तो इतका हले की फळीवरच्या पेल्यातला चहा थरथरायचा.

"बाबा, मुळ्यावरचा लेख एकोणीस जणांनी वाचला!"

"मुळ्यावर वाचायचं काय? मुळा खातात."

"लोकांना खाण्याआधी वाचायचं असतं."

"मग तू सोडून बाकीचे अठरा अजून उपाशीच असणार."

"बाबा, तुम्ही बस चालवत होतात तेव्हा रिकामी बस नेताना कसं वाटायचं?"

"रिकाम्या बसलासुद्धा ठरलेल्या थांब्यावर थांबावं लागतं. तू कुठे थांबतेस? ऊन पडलंय, जरा बाहेर जाऊन ये."

"हा एवढा संपवते."

तो संपायचा आणि पुढचा सुरू व्हायचा. वाळत घातलेले कपडे दोरीवर गोठून कडक होत, तरी तिला सुचत नसे.

मित्रांनो, आमच्या देशात घराबाहेर पाऊल न टाकता, इकडचे तिकडचे वाचून लिहिलेल्या लेखाला लोक माझे नाव देतात. कोतात्सु-लेख म्हणतात, आणि तेही नाक मुरडून. हे कानावर आले तेव्हा मला वाईट वाटले होते. मी ऊब देतो. त्या उबेत बसून कुणी काय करावे, हे मी ठरवत नाही.

फेब्रुवारीत मिनोरीने आमच्याच वस्तीतल्या न्हाणीघरावर लेख लिहिला. गरम झऱ्याचे हे सामायिक न्हाणीघर घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथले पाणी कढत असते. लहानपणी एकदा मिनोरी त्यात पाय घालून किंचाळत बाहेर पळाली होती, त्यानंतर या वस्तीत ती नेहमी घरातच आंघोळ करत आली. पण लिहिण्यासाठी तिला तिथे जायची गरज वाटली नाही. चार प्रवाशांनी आधीच लिहून ठेवले होते. कुणीही आत जावे, पेटीत नाणे टाकावे, पाणी फार गरम वाटले तर थंड पाण्याचा नळ सोडावा. तिने पाचवा लेख केला, मथळा दिला 'पर्यटकांना अजून न सापडलेले न्हाणीघर', आणि नेहमीप्रमाणे खाली टोपणनाव टाकले, 'हिमगावची ताई'.

कुठल्याशा मोठ्या साइटने त्या लेखाचा दुवा दिला आणि आकडा धावू लागला. सकाळी पाहिलेला आकडा दुपारी जुना झालेला असे. मिनोरीचा उजवा पाय क्षणभर थांबला आणि मग दोन्ही पाय एकदम हलू लागले.

"बाबा, आज सुकियाकी करू या. मांस मी आणते."

"कुणाचं लग्न आहे?"

"कुणाचं नाही. असाच एक महिना गेला ना, तर मी गुन्माला नाही म्हणून कळवणार."

 तोकुजीच्या पायाची बोटे माझ्या जाळीखाली मिटली आणि उघडली. त्याच्या बाबतीत हे आनंदाचे लक्षण आहे.

त्या आठवड्यात शनिवारी तोकुजी न्हाणीघरातून परतला आणि रजईखाली पाय घातले, तेव्हा मी दचकलो. एरवी ते उकडलेल्या बटाट्यासारखे ऊन असत. आज गार होते.

"पाणी कोमट होतं," तो म्हणाला. "कुणीतरी नळ सोडून तसाच ठेवून गेलं."

आमच्या वस्तीत हा नळ म्हणजे साधी गोष्ट नाही. हौदात बसलेल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही, आणि हिवाळ्यात तर विचारतही नाही. बर्फाच्या दिवसांत झऱ्याची धार बारीक होते. एकदा गार झालेला हौद पुन्हा तापायला दुसरा दिवस उजाडतो. म्हणून न्हाणीघराची राखण आळीपाळीने एकेका घराकडे असते. झाडलोट, किल्ली, पाण्यावर लक्ष, सगळे त्या घराने पाहायचे. त्या महिन्यात पाळी ओयामादांची, म्हणजे तोकुजीच्या घराची होती.

रविवारी शेजारच्या हात्सुए काकू आल्या. त्या नव्वदीला टेकल्या आहेत, पण आवाज खणखणीत. रजईखाली पाय सारून त्यांनी नातवाचा फोन फळीवर ठेवला.

"तोकुजी, माझ्या हाडांना दिवसातून एकदाच ऊब मिळते रे, त्या हौदात. काल दात वाजवत घरी आले. आणि हे ऐक, नातवाने शोधून काढलंय. 'पाणी कढत वाटल्यास संकोच न करता थंड नळ सोडावा.' संकोच न करता! कोण ही ताई?"

"कोण का असेना," तोकुजी म्हणाला, "तिचं बूड या पाण्यात कधी भिजलेलं नाही."

दोघे खदखदून हसले. मिनोरीचे पाय झटकन माझ्या कोपऱ्यात ओढले गेले.

"मी चहा टाकते," ती म्हणाली.

काकू गेल्यावर तोकुजीने कपाटातून चांगला सदरा काढला. पाळी असताना पाणी बिघडले, तर पाळीवाल्याने घरोघर जाऊन, उंबऱ्याशी गुडघे टेकून, गोड पदार्थाचा खोका पुढे ठेवून माफी मागायची, अशी इथली रीत आहे.

"नळ भलत्याने सोडला," मिनोरी म्हणाली. "माफी तुम्ही का मागायची? आणि त्या गुडघ्याने?"

"किल्ली माझ्याकडे आहे ना."

त्या दुपारी खोके आणायला तो खालच्या गावी गेला. मिनोरी माझ्यापाशी एकटी होती. तिने लेखातले नळाचे वाक्य गुपचूप काढून टाकले. बाकीचा लेख तसाच ठेवला, कारण आकडा अजून धावत होता आणि त्या आकड्यावर तिचे या घरातले राहणे टांगलेले होते. नंतर बराच वेळ तिचे हात माझ्या फळीवर पालथे पडून राहिले. 

पण सोमवारी सकाळी हौद पुन्हा गार होता. कुठल्या कुठल्या गावांत आपापल्या रजया पांघरून बसलेल्या लेखकांनी तिच्या लेखाचे सहावे, सातवे, दहावे लेख केले होते आणि नळाचे वाक्य त्या सगळ्यांत होते. ते वाक्य आता तिच्या हातात राहिले नव्हते.

मंगळवारी हौद पुन्हा तापला, तेव्हा तोकुजी खोक्यांवर कापड बांधत होता. गाठ नीट बसेना म्हणून तो स्वतःशीच पुटपुटत होता.

"बाबा," मिनोरी म्हणाली, "ती ताई म्हणजे मी."

गाठ बांधणारे हात थांबले. तोकुजी माझ्या कडेला हळूच टेकला. रजईखाली चारही पाय इतके स्तब्ध होते की मला शेगडीच्या तारांची कुरकुर ऐकू येत होती.

"मोजे घाल," तो शेवटी म्हणाला. "बाहेर गारठा आहे."

दोघे मिळून गेले. परतायला दुपार उलटली. मिनोरीचे गुडघे उंबऱ्यांवर टेकून टेकून सोलवटले होते. पण तिचे पाय मात्र कधी नव्हे इतके लाल आणि ऊन होते, कारण हात्सुए काकूंनी माफी ऐकून घेतलीच नव्हती. "आधी आत उतर, मग बोल," म्हणत त्यांनी तिचा दंड धरून तिला न्हाणीघरात नेले होते.

"अंगठा बुडवला आणि ओरडले," मिनोरी सांगत होती. "तर काकू म्हणतात, 'अगं, हेच तेवढं लेखात नव्हतं!' मग हात फिरवून पाणी कसं ढवळायचं, श्वास कधी सोडायचा, सगळं शिकवलं. नंतर बाहेरच येववत नव्हतं."

तोकुजी हसत होता, पण त्याचे पाय हसत नव्हते. पुढे काय होणार हे त्याला कळले होते.

तिने तो लेख काढून टाकला. त्याच्या जागी चार ओळी लिहिल्या. न्हाणीघर वस्तीचे आहे, हिवाळ्यात बाहेरच्यांनी येऊ नये, आधी इथे जे छापले ते या पाण्यात कधीही न उतरलेल्या बाईने लिहिले होते. खाली स्वतःचे खरे नाव घातले. ज्यांनी लेख उचलले होते त्यांनाही कळवले. काहींनी काढले, काहींनी उत्तरसुद्धा दिले नाही. न्हाणीघराच्या दाराला हिवाळ्यापुरते नवे कुलूप आले. मग ती आपले बाकीचे लेख उघडून बसली आणि जे स्वतः पाहिले-केलेले नव्हते ते एकेक पुसू लागली.

"मुळ्याचा राहू दे," तोकुजी म्हणाला. "मुळा तू खाल्लेला आहेस."

आकडा बसला तो बसलाच. मार्चच्या शेवटी मिनोरीने गुन्माला होकार कळवला. त्या दिवशी जेवण झाल्यावर दोघे माझ्यापाशी बसले.

"वसतिगृहात कोतात्सु असतो का?"

"नाही. भिंतीतून गरम हवा येते म्हणे."

"मग बरं. वेळेवर उठशील."

वर एवढेच बोलणे झाले. खाली तोकुजीचा पाय चाचपडत पुढे आला आणि मिनोरीच्या पायाला टेकला. तिने पाय काढला नाही. फळीवर ती संत्रे सोलत होती आणि तो हवामानाच्या बातम्या ऐकत होता. हे माझ्याशिवाय कुणालाच दिसले नाही.

आता मे महिना लागला आहे. या दिवसांत माझी रजई काढून मला कपाटात ठेवतात. तोकुजीने अजून ती काढलेली नाही. शेगडीही पेटवत नाही. तो रोज मिनोरी बसायची त्या बाजूला बसतो, फोन फळीवर उभा करतो आणि ती जेवली का ते विचारतो.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात असेल, तर तिच्या रजईला वर्षातून एकदा ऊन द्या, जाळीवरची धूळ झाडा, वायर कुरतडली नाही ना ते बघा. थंडीत जरूर या, पाय आत घ्या, हवे तितके लिहा. मात्र ज्याच्याबद्दल लिहीत आहात ते हाकेच्या अंतरावर असेल, तर एकदा पाय बाहेर काढून तिथवर जाऊन या. ओले होऊन या, पोळून या. जागा थंड होईल म्हणून घाबरू नका. तेवढा वेळ मी ती ऊन ठेवीन. ते मला जमते. निघून गेलेल्या माणसाची जागा ऊन ठेवणे मात्र मला अजून जमलेले नाही.