पाण्याखालचा चौथरा

तिसरा उंदीरही दाबिनकडेच पोहत आला, तेव्हा तिनं वहीत टिपणं थांबवलं.

हौदातलं पाणी मुद्दाम दुधट केलेलं, चौथरा त्याखाली दडवलेला. भिंतीवरच्या खुणा लक्षात ठेवून उंदरानं तो शोधायचा, ही परीक्षा. आधी सगळ्यांना आठवण पुसणारी सुई टोचायची, मग निम्म्यांना प्रयोगशाळेचे प्रमुख तक सर यांची नवी पूड चारायची. पूड खाल्लेले उंदीर वर्षभर सरळ चौथरा गाठत होते आणि देजॉन शहरातली ती प्रयोगशाळा आनंदानं हवेत तरंगत होती. पण ते उंदीर सांभाळायची एकटी दाबिन, आणि ती नेहमी चौथऱ्याच्या बाजूलाच टॉवेल घेऊन उभी असायची. बाकीचे उंदीर ज्याच्याकडे होते तो पठ्ठ्या लांब दाराशी मोबाईल चाळत बसायचा. आज नळ गळून नेहमीची जागा निसरडी झाली, म्हणून दाबिन खिडकीपाशी उभी राहिली. तर काय, उंदीर चौथरा सोडून खिडकीकडे! कसली डोंबलाची स्मरणशक्ती? मेले टॉवेलवालीला ओळखत होते.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तक सर हीच पूड महिनाभर घरी बायकोला देत होते. काकूंना विसरण्याचा आजार होता, नवऱ्याचं नावही आठवेनासं झालं होतं. हे सरांनीच तिला सांगितलं होतं आणि वर दमही भरला होता, कुणाजवळ बोललीस तर बघ म्हणून. आज संध्याकाळपासून ते मात्रा दुप्पट करणार होते. दुप्पट मात्रेनं उंदरांना झटके येतात, हे दाबिननं स्वतः पाहिलं होतं.

ती तडक सरांकडे गेली. "सर, आपली पूड काही कामाची नाही."

"सकाळी सकाळी सोजू ढोसलीस की काय?" सर हसले. तिनं सगळं सांगितलं तसं त्यांचं हसू मावळलं. "काहीतरी बरळू नकोस. तुझी काकू सुधारतेय. मी रोज बघतोय ना!"

"मग तुम्हीच उंदीर सोडून बघा. मी बाहेर थांबते."

ती दाराबाहेर गेली आणि काचेतून पाहू लागली. मनातून तिला वाटत होतं, देवा, मी चुकलेली असू दे. उंदीर एक फेरी पोहला, दुसरी पोहला. चौथऱ्याच्या अगदी जवळून गेला आणि पुढं निघून गेला. सर हौदावर वाकले होते. "जा ना रे बाबा," त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता, "डावीकडं, डावीकडं वळ रे राजा!" राजा कसला वळतोय! त्याचं नाक पाण्याखाली जायला लागलं, तरी सर त्याला उचलेनात. दाबिनला राहवेना. तिनं दार ढकललं. तिला पाहताच उंदीर गर्रकन वळला आणि तिच्याकडं पोहत आला.

तिनं त्याला उचलून टॉवेलात घेतलं. सर स्टुलावर बसले होते, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

"तुझी काकू रोज संध्याकाळी बरोबर स्वयंपाकघरात येते," ते म्हणाले. "मला वाटलं, घर आठवायला लागलं तिला."

"घर आठवूनच येतात ना, सर?"

"येते गं. पण तिथं मी भात करत उभा असतो ना. जवळ येते आणि विचारते, तुमचं नाव काय?"

सरांनी खिशातून कागदाची पुडी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि तिच्या हातावर ठेवली.

"आजची आहे. फेकून दे," ते म्हणाले. "नाहीतर असं कर, दे माझ्याकडं, मीच फेकतो."

आणि पुन्हा त्यांनीच तिची मूठ पुडीवर घट्ट मिटली. "नको. मी मागितली तरी देऊ नकोस, पोरी."