डावं चाक

आमच्या अंगणात रांजणाजवळ एक सपाट दगड आहे. माझा नातू अमरदीप त्यावर बसून अभ्यास करायचा. म्हातारपणी मला अक्षरं त्यानंच तिथं शिकवली, काडीनं धुळीत काढून. श्रावणात तो काविळीनं गेला. मागे राहिलं ते चेंडू फेकायचं त्याचं अर्धवट यंत्र.

मानोऱ्याच्या शाळेतली मुलं रोबोटच्या स्पर्धेत उतरणार होती. वाशीमला मैदानात रोबोट सोडायचा आणि त्यानं चेंडू उचलून उंचावर बसवलेल्या गोल लोखंडी कड्यात टाकायचे. फेकायचा भाग अमरदीपकडे होता. त्याची रीत साधी. दोन चाकं शेजारी शेजारी आडवी बसवायची, मधली फट चेंडूपेक्षा थोडी कमी ठेवायची, प्रत्येक चाकाला एक मोटर. चाकं उलट दिशांनी फिरली की मधे सरकवलेला चेंडू दाबून पुढे सुटतो. डावं चाक त्यानं प्लायवूडमधून कापलं, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं आणि पेनानं वर ‘डावं’ असं लिहिलं. उजवं करायच्या आधीच त्यानं अंथरूण धरलं.

उजवं चाक त्याच्या धाकट्या बहिणीनं, उज्ज्वलानं केलं. ती अकरावीत आहे. हे काम दुसऱ्या कोणाला देऊ का, असं शाळेतल्या विकास सरांनी तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत तिनं यंत्र घरी आणून ओट्यावर मांडलं, समोरच्या निंबाला बूड काढलेलं टोपलं बांधलं आणि चेंडू सोडायला लागली.

चेंडू टोपल्याकडे निघायचा, अर्ध्या वाटेत डावीकडे वळायचा आणि घरंगळत दगडाशी जाऊन थांबायचा. पुन्हा सोडला तरी पुन्हा तिथंच.

एखादी मोटर कमी जोराची असेल म्हणून, चाकं जागच्या जागी ठेवून, तिनं डावी मोटर उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. चेंडू दगडाकडेच गेला. तिनं ओट्याची पातळी पाहिली, बॅटरी बदलली. आणखी एक गोष्ट होती. सकाळी तो फार वळायचा. सोडत राहिलं की हळूहळू सरळ होत जायचा आणि दुपारपर्यंत टोपल्यात पडायला लागायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दगडाकडे. अमरदीप सकाळीच अभ्यासाला बसायचा.

हे आमच्यापैकी कोणी बोलून दाखवलं नाही. माझी बायको रामीबाई भिंतीला टेकून बघत राहायची. चेंडू दगडापाशी गेला की तीच उठून आणायची, दुसऱ्या कोणाला जाऊ द्यायची नाही.

बोलला तो शेजारचा दौलतसिंग. रोज सकाळी तो आमच्याकडे चहाला येतो. एकदा तो त्या दगडावर बसला होता. चेंडू वळला आणि त्याच्या गुडघ्याला लागला, चहा धोतरावर सांडला. तो हसत म्हणाला, "काहून रे अमऱ्या, बस म्हणतं का ऊठ म्हणतं?"

कोणी हसलं नाही. त्याचंही हसू गेलं. त्या दिवसापासून तो चहा उभ्यानं पितो. आमच्या तांड्यात घरोघर बोलणं पसरलं. बाया पाणी भरायला जाताना आमच्या कुडाशी रेंगाळायला लागल्या. सकाळची वेळ असली की लेकरांना हाताला धरून पुढे ओढायच्या.

सरांचा फोन आला तेव्हा उज्ज्वलानं त्यांना सगळं सांगितलं, दगडाचं सोडून. ते म्हणाले, दोन्ही चाकं काढून टाक, बाजारातली नवी बसवू, स्पर्धा तोंडावर आली आहे. फोन ठेवल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. डावं चाक अमरदीपनं दांड्याला एम-सीलनं पक्कं केलं होतं. काढायचं म्हणजे फोडायचंच.

"ते फोडलं तर यात भाऊचं काय राह्यते, आबाजी?" ती म्हणाली. "आन नाई फोडलं तर तिथं त्याचं नाव खराब होते."

स्पर्धेच्या दोन दिवस आधी तिनं सकाळी चेंडू सोडला, दगडापाशी रामीबाईच्या आधी स्वतः धावली आणि तो उचलला. नाकाशी नेला. मग माझ्याकडे आली.

"आबाजी, हे हुंगून पाहा."

मी हुंगलं. रबराचा वास होता, धुळीचा होता आणि त्याच्या खाली अमरदीपच्या डोक्याचा. खोबरेल तेलात मेथी आणि जास्वंदीची फुलं कढवून रामीबाई ते तेल फक्त त्याच्यासाठी करायची. न्हाण्याच्या दिवशी त्याला दोन गुडघ्यांमधे बसवून चोळायची. श्रावणापासून घरात ते तेल कढलेलं मी पाहिलं नव्हतं.

"भाऊचाच हाय ना?" उज्ज्वलानं विचारलं. मी मान डोलावली. ती चेंडू हातात फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा नाकाशी नेत राहिली. वास चेंडूच्या एकाच बाजूला होता.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना तिनं मला उठवलं. दाराच्या फटीतून ओटा दिसत होता. रामीबाईनं यंत्र दोन गुडघ्यांमधे घेतलं होतं. वाटीत बोट बुडवून ती डाव्या चाकाला तेल लावत होती, चाक हळूहळू फिरवत, रबरात जिरवत.

"काल किती तापलं होतं रे तुह्यं डोकं," ती चाकाला म्हणत होती.

मला वाटलं, उज्ज्वला आता चिडेल. महिनाभराची तिची मेहनत त्या वाटीत बुडाली होती. पण ती गेली, यंत्र अलगद बाजूला सारलं आणि आजीच्या पुढ्यात बसली. वेणी सोडली.

"आजी, आज माह्या डोक्याले लाव. त्याले उद्या काम हाय."

रामीबाईचं बोट वाटीतच राहिलं. "कायचं काम?"

"सरळ जायचं."

"मंग इकडं नाई येणार तो?"

उज्ज्वलानं डोकं आजीपुढे वाकवलं. मग म्हणाली, "उद्याच्या दिवस नाई."

रामीबाईनं तिच्या डोक्यावर तेल ओतलं आणि चोळत राहिली, दिवस वर येईपर्यंत. मग चुलीतून मूठभर राख आणून, भांडं घासावं तसं ते चाक तिनंच घासलं. फडक्यानं पुसून यंत्र नातीच्या हातात दिलं.

वाशीमला आम्ही दोघंही गेलो. रोबोट मैदानात उतरला. चेंडू सुटला आणि सरळ कड्यात पडला. मग दुसरा. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. रामीबाई कड्याकडे बघतच नव्हती. ती कड्याच्या डाव्या बाजूला बघत होती, जिथं काही नव्हतं. पहिल्या नंबरची ढाल कारंज्याच्या पोरांनी नेली, पण नेमबाजीचं बक्षीस आमच्या शाळेला मिळालं. पुढच्या वर्षी नवीन यंत्र करू, असं सर म्हणाले. हे जुनं उज्ज्वला घरी घेऊन आली.

सकाळी तिनं ते ओट्यावर ठेवून चालू केलं. चेंडू सरळ टोपल्यात पडला. पुन्हा सोडला, पुन्हा टोपल्यात. घर इतकं शांत मला श्रावणातही लागलं नव्हतं. रामीबाई भिंतीशी बसून होती. तिनं काही मागितलं नाही. उज्ज्वला उठली, कोनाड्यातली तेलाची वाटी आणली आणि तिच्या हातात ठेवली.

त्यानंतरचा चेंडू वळला आणि दगडाशी जाऊन थांबला.

तेलानं ज्या चाकाची पकड ढिली होते, त्या बाजूला चेंडू वळतो; तेल चेंडूंना पुसलं गेलं की सरळ जातो. उज्ज्वलानं मला ते कागदावर काढून दाखवलं आहे आणि मला ते कळलंही आहे. तरी सकाळी चाकं फिरायला लागली की मी ओट्यावरून सोडलेले पाय वर ओढून घेतो. वाटेत नको यायला.